एका हाडाचे तीन जबाब

टेबलावर मांडीचे एक हाड आहे. पुरुषाचे, पूर्ण वाढलेले, लांबी ४५ सेंटिमीटर. या हाडाचा धनी जिवंतपणी किती उंच होता, एवढाच प्रश्न आहे. अस्थिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात तो सुरुवातीलाच येतो आणि त्याला गुणाकार-बेरजेपलीकडे गणित लागत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर या दोन अमेरिकी संशोधक स्त्रियांनी १९५२ मध्ये सूत्रे दिली, ती आजही जगभर शिकवली जातात. गोऱ्या पुरुषांचे सूत्र सांगते, लांबीला २.३८ ने गुणा आणि ६१.४१ मिळवा. उत्तर येते १६८.५ सेंटिमीटर. कृष्णवर्णीय अमेरिकी पुरुषांचे सूत्र लावले तर तेच हाड १६५.३ सांगते. आणि त्या काळच्या परिभाषेत ज्यांना ‘मंगोलॉइड’ म्हणत, त्यांच्यासाठी १९५८ मध्ये आलेले सूत्र लावले तर १६९.३. शिवाय पहिल्या सूत्राला सव्वातीन सेंटिमीटरची प्रमाण-त्रुटी चिकटलेली आहेच. ती दोन्ही बाजूंना दुपटीने धरली, तर साधारण पाच फूट चार इंचांपासून पाच फूट नऊ इंचांपर्यंतचा कोणताही माणूस या हाडाचा मालक असू शकतो. आता हे हाड पुणे किंवा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या नाल्यात सापडलेले असेल, तर तीन जबाबांपैकी कोणता खरा मानायचा? आणि ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या दफनातले असेल तर?

हाडे बोलतात, असे एक वाक्य या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात हमखास येते. ते ऐकायला बरे वाटते, पण त्याने विषयाची दिशाभूल होते. हाडे आपणहून काही बोलत नाहीत. ज्यांचे नाव, वय, उंची आणि मरणाचे कारण आधीच लिहून ठेवलेले आहे, अशा दुसऱ्या माणसांच्या हाडांशी आपण त्यांची तुलना करतो आणि त्या तुलनेतून अंदाज काढतो. म्हणून पुरातत्त्व आणि न्यायसहायक विज्ञान या दोन्ही शाखांत सांगाड्यांचा अभ्यास शिकवताना खरा प्रश्न हाडाला विचारायचा नसतो. तो तुलनेच्या संग्रहाला विचारायचा असतो. तू कोणाचा, कुठला, आणि तुझ्यात कोण नाही? माझे म्हणणे असे, की आपल्याकडे या शिक्षणाची दुखरी बाजू यंत्रांची किंवा प्रयोगशाळांची टंचाई ही नाही. आपण आपल्याच माणसांची हाडे, त्यांच्या आयुष्याच्या नोंदींसकट आणि त्यांच्या संमतीने, कधी जपून ठेवली नाहीत, ही आहे. आणि या उणिवेची किंमत उत्खननातल्या सांगाड्यांपेक्षा न्यायालयातल्या जिवंत माणसांना अधिक मोजावी लागते.

ट्रॉटर-ग्लेसर यांच्या सूत्रांमागची माणसे कोण होती ते पाहू. एक गट दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा. भरती होताना लष्कराने त्यांची उंची मोजलेली होती, आणि अवशेष मायदेशी पाठवताना हाडे मोजता आली. दुसरा गट सेंट लुइसच्या टेरी संग्रहातला. रॉबर्ट टेरी या शरीररचनाशास्त्रज्ञाने विच्छेदनाला आलेल्या देहांचे सांगाडे नोंदींसह राखले होते. आज स्मिथसोनियन संस्थेत असलेल्या या संग्रहात १,७२८ व्यक्ती आहेत. त्यातले बहुसंख्य गरीब, बेवारस ठरलेले, आणि मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय. म्हणजे जगभर वापरले जाणारे हे गणित रणांगणावर पडलेल्या तरुणांच्या आणि धर्मादाय रुग्णालयांत मेलेल्या निराधारांच्या हाडांवर उभे आहे. आणि त्यातही एक चूक दडलेली होती. नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या बाजूने जो घोट्याचा उंचवटा असतो, तो मापात धरायचा असे ट्रॉटर यांनी लिहिले होते. प्रत्यक्षात मोजताना मात्र तो वगळला गेला. ही गोष्ट रिचर्ड जँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिली. तोवर त्रेचाळीस वर्षे, लिहिल्याबरहुकूम नीट मोजणारा प्रत्येक विद्यार्थी नडगीवरून काढलेल्या उंचीत सरासरी अडीच ते तीन सेंटिमीटरची भर घालत होता. चूक सापडू शकली, कारण मूळ हाडे जागेवर होती. संग्रह जाळला किंवा पुरला गेला असता, तर सूत्र वेदवाक्य होऊन बसले असते.

वयाच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड होतो. वाढत्या वयात हाडे ठरावीक क्रमाने जुळतात, दात ठरावीक क्रमाने येतात, त्यामुळे लहान मुलाचे वय बऱ्यापैकी सांगता येते. पंचविशीनंतर मात्र वाढीची घड्याळे थांबतात आणि झिजेची सुरू होतात. झीज प्रत्येकाची वेगळी. तरीही पुढच्या बाजूला जिथे ओटीपोटाची दोन हाडे जुळतात त्या सांध्याचा पृष्ठभाग, बरगड्यांची टोके, कवटीच्या शिवणी यांवरून वय ठरवण्याच्या पद्धती विसाव्या शतकात तयार झाल्या आणि त्यांच्यावर पुरातत्त्वज्ञांनी प्राचीन समाजांचे आयुर्मान मांडले. त्यांची परीक्षा लंडनमध्ये झाली. स्पिटलफील्ड्सच्या क्राइस्ट चर्चखालच्या तळघरांतून १९८४ ते १९८६ या काळात सुमारे हजार दफने बाहेर काढण्यात आली, आणि त्यांपैकी ३८७ जणांच्या शवपेटीवर नाव-वयाची पाटी शाबूत होती. आधी पाटी न पाहता हाडांवरून वय ठरवले, मग पाटीशी ताडून पाहिले. चाळिशीच्या आत मेलेल्यांना हाडांनी म्हातारे ठरवले होते आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तरुण. पूर्वीची माणसे चाळिशी-पन्नाशीत मरत, हा जो सर्वसाधारण समज आहे, त्यात काही वाटा खऱ्या मरणाचा आणि काही वाटा या मोजपट्टीचा आहे. याच संग्रहाने आणखी एका ठाम समजुतीला धक्का दिला. स्त्रीच्या कटिबंधाच्या हाडांवरचे काही खळगे म्हणजे बाळंतपणाच्या खुणा, असे पाठ्यपुस्तके सांगत. या स्त्रियांना किती मुले झाली हे कागदोपत्री ठाऊक होते, आणि खळग्यांचा त्या आकड्याशी मेळ बसला नाही. किती खटल्यांत ‘मयत स्त्रीने किमान एकदा प्रसव केला होता’ असे ठामपणे लिहिले गेले असेल, याचा विचार करून पाहावा.

भारतीय हाडांवर काम झालेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९२४ मध्ये पॅन यांनी पूर्व भारतातल्या हिंदू देहांवरून लांब हाडे आणि उंची यांचे प्रमाण काढले. पुढे संयुक्त प्रांत आणि पंजाबातूनही आकडे आले. १९३७ मध्ये गॅल्स्टॉन यांनी हाडे कोणत्या वयात जुळतात याचा बंगालमधला अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ही नावे अजून भेटतात. पण त्यांत मोजलेली माणसे शंभर-नव्वद वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हापासून अन्न बदलले, उंची बदलली, मुलींचे वयात येणे अलीकडे सरकले. नेमके त्याच विसाव्या शतकात भारतातून हाडांची निर्यात जोरात चालली होती. कोलकात्याच्या व्यापाऱ्यांनी स्वच्छ केलेले, तारेने जोडलेले सांगाडे ब्रिटन-अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हजारोंच्या संख्येने जात. भारत सरकारने १९८५ मध्ये मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घालेपर्यंत हा धंदा उघड होता. पाश्चात्त्य डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या भारतीय कवटी हातात घेऊन शिकल्या. त्या कवट्यांना नाव नव्हते, गाव नव्हते, वय नव्हते. म्हणून त्या शरीररचना शिकवायला पुरेशा होत्या आणि तुलनेच्या अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. आपण हाडे निर्यात केली आणि सूत्रे आयात केली. दोन्ही व्यवहारांत हरवली ती नोंद.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा मात्र कमी तालेवार नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या विषमतेवर त्यांनी प्रबंध लिहिला. ही विषमता वंशानुसार वेगळी असेल, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंच्या मोजमापांत तो फरक दिसला नाही, आणि ‘दिसला नाही’ असेच त्यांनी लिहिले. पुढे नाझी वंशशास्त्राचा आधारस्तंभ झालेल्या मार्गदर्शकाच्या संस्थेत बसून एका परदेशी विद्यार्थिनीने हे लिहिणे, ही अस्थिशास्त्राच्या शिक्षणातली धड्यात घालण्याजोगी घटना आहे. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९४० च्या दशकात गुजरातेतल्या लांघणज इथे ह. धी. सांकलियांबरोबर मध्याश्मयुगीन सांगाड्यांचे उत्खनन झाले. त्यानंतर नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशी ठिकाणे खणली गेली आणि डेक्कन कॉलेज हे प्रागैतिहासिक मानवी सांगाड्यांच्या अभ्यासाचे देशातले प्रमुख केंद्र बनले. केनेथ केनेडी, जॉन लुकाच यांच्यासारखे अमेरिकी अभ्यासक या सांगाड्यांसाठी पुण्याला आले. सुभाष वाळिंबे यांनी दीर्घकाळ हा विषय सांभाळला.

इनामगावपाशी थोडे थांबायला हवे, कारण हाडांवरून काय कळते आणि काय कळत नाही, याचा उत्तम धडा शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी आहे. १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तान्ही मुले गेली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात मूल ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना खड्ड्यात उताणे ठेवत, पण घोट्याखालची पावले तोडलेली. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून पावले तोडली असावीत, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी सुचवले, ते पटण्याजोगे आहे, पण हे स्पष्टीकरण हाडात लिहिलेले नाही. हाडात लिहिलेला आहे तो छेद. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात मात्र एक पुरुष बसलेल्या स्थितीत, पावलांसकट सापडला. तो प्रमुख असेल का? असेल. हेही अनुमान आहे, आणि ते हाडांमधून आलेले नाही. ते रांजणातून, जागेतून आणि पावले न तोडण्याच्या अपवादातून आले आहे. त्याच हाडांना कपाटात नुसता क्रमांक देऊन ठेवले असते, तर त्यांनी एवढेही सांगितले नसते.

‘उत्तर जोर्वे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेवटच्या कालखंडात इनामगावची वस्ती खालावली, आणि त्याचे कारण म्हणून कोरड्या पडत गेलेल्या हवामानाकडे बोट दाखवले गेले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांची हाडे पुन्हा तपासली आणि २०११ च्या पुस्तकात ही गोष्ट गुंतागुंतीची करून मांडली. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते, पण मुलांच्या दफनांचे प्रमाण वाढते त्याचा अर्थ केवळ अधिक मरण असा लावता येत नाही. जन्मच अधिक होत असतील, तरीही लहान सांगाडे जास्त सापडतात. इथे विद्यार्थ्याला १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘अस्थिशास्त्रीय विरोधाभासा’शी झगडावे लागते. आजाराची खूण हाडावर उमटायला वेळ लागतो. जो पटकन मेला त्याची हाडे निर्दोष दिसतात; जो आजाराशी झुंजत वर्षानुवर्षे जगला त्याच्या हाडांवर व्रण राहतात. म्हणजे खराब हाडे असलेला माणूस कदाचित अधिक चिवट होता. पटकी, प्लेग यांसारख्या झटपट मारणाऱ्या रोगांच्या खुणा हाडांवर शोधणे व्यर्थ. याउलट महारोग हाडांवर स्पष्ट लिहून जातो: नाकाच्या बुडाचा काटा झिजतो, वरच्या जबड्याची पुढची कड विरघळते. राजस्थानातल्या बालाथल इथे १९९७ मध्ये मिळालेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या सांगाड्यावर या खुणा ओळखल्या गेल्या. रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, वि. ना. मिश्र आणि इतरांचा तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सांगाड्यांतल्या महारोगाच्या पुराव्याचा इतिहास मागे ढकलला गेला. पण ती ओळख पटली कशी? डेन्मार्कमधल्या मध्ययुगीन महारोगी आश्रमाच्या दफनभूमीत व्हिल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सन यांनी, महारोगीच आहेत हे ठाऊक असलेल्या माणसांच्या कवट्यांवर त्या खुणा आधी नोंदवल्या होत्या, म्हणून. पुन्हा तोच मुद्दा: ओळखीच्या हाडांशिवाय अनोळखी हाड मुके असते.

आणि अनोळखी हाडाला घाईने बोलते केले की काय होते, हे मोहेंजोदडोने दाखवले आहे. गल्ल्यांत, जिन्याशी, विहिरीपाशी अस्ताव्यस्त पडलेले काही सांगाडे मिळाले आणि मॉर्टिमर व्हीलर यांनी इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पाठ्यपुस्तकांत आर्यांचे आक्रमण आणि कत्तल स्थिरावली. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी विचारले, की हे सांगाडे एकाच थरातले तरी आहेत का? नव्हते. पुढे केनेडी यांनी हाडे तपासली, तेव्हा कत्तलीची म्हणून दाखवता येतील अशा जखमा जवळजवळ सापडल्याच नाहीत. जमिनीत झालेली झीज आणि मरताना झालेली जखम यांत फरक करणे ही पदव्युत्तर विद्यार्थ्याला यायला हवी अशी पहिली गोष्ट. ती न केल्याने एका उपखंडाच्या इतिहासावर दोन पिढ्यांचे वाद झाले.

हे सगळे उत्खननात चुकले, तर निदान मेलेल्यांची तक्रार येत नाही. न्यायालयात तशी सोय नाही. किशोरवयीन आरोपी अठरा वर्षांखालचा आहे की वरचा, पीडित मुलगी अल्पवयीन आहे की सज्ञान, हे ठरवायला कागद नसले की मनगट, कोपर, कटिबंधाचे एक्स-रे काढून हाडे जुळली आहेत का ते पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जया माला प्रकरणात नोंदवले, की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने शाळेचा आणि नगरपालिकेचा दाखला आधी, आणि तो नसेल तरच हाडांची चाचणी, असा क्रम लावला. कायद्याने हाडांवर फार विश्वास ठेवला नाही, हे शहाणपणाचे झाले. पण ज्याच्याकडे दाखला नाही तो कोण असतो? वीटभट्टीवरचा, ऊसतोडीचा, पालावरचा मुलगा. कुपोषणाने हाडे उशिरा जुळतात. त्यामुळे ज्या मुलांना हाडांच्या तराजूत तोलले जाते, त्यांच्याशी तुलना करायला तशाच मुलांची नोंद हवी. ती खात्यापित्या घरांतल्या किंवा नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांची असून चालत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. तिथे जाणाऱ्याला माती उकरताना थर वाचता आले पाहिजेत, नाहीतर तो पुरावा गोळा करायला जाईल आणि नाहीसा करून येईल.

ही गोष्ट अर्जेंटिनाने आपल्या आधी शिकून घेतली. लष्करी राजवट संपल्यावर बेपत्ता झालेल्यांच्या कबरी बुलडोझरने उपसल्या जात होत्या. हाडे मिसळली, गोळ्या मातीत गेल्या. १९८४ मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ तिथे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर काम करायला पुढे आले ते पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि वैद्यकाचे विद्यार्थी. प्राचीन दफने उकरायची करणी-कुंचल्याची पद्धत त्यांनी ताज्या कबरींना लावली. त्या विद्यार्थ्यांतून अर्जेंटिनी न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक उभे राहिले आणि पुढे जगातल्या अनेक देशांत गेले. पुरातत्त्व आणि गुन्हातपास या दोन शाखा तिथे सिद्धांताने एकत्र आल्या नाहीत, खड्ड्यात एकत्र आल्या. आपल्याकडे मात्र सांगाड्यांचे जाणकार पुरातत्त्वाच्या संस्थेत, एक्स-रेचे जाणकार वैद्यकीय महाविद्यालयात आणि पंचनाम्याचे जाणकार पोलिस ठाण्यात, असे तीन वाडे आहेत आणि त्यांच्यामध्ये दरवाजे थोडे.

यावर पहिला आक्षेप डीएनएचा. आता जनुकीय तपासणी असताना कॅलिपर हाती घेऊन बसायचे कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि काही ठिकाणी तो पूर्ण खरा आहे. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात एकेका माणसाची हाडे अनेक कबरींत विखुरली होती, तिथे डीएनएवाचून ओळख पटणे शक्यच नव्हते. पण आपली माती गरम आहे. राखीगढीच्या २०१९ च्या अभ्यासात ६१ नमुने तपासले गेले आणि पुरेसा डीएनए मिळाला तो एका स्त्रीचा. उरलेल्यांना वाचायला डोळे आणि मोजपट्टी हेच साधन. दुसरे असे, की डीएनए वंश सांगतो, चरित्र सांगत नाही. हिमालयातल्या रूपकुंड सरोवरापाशी सापडलेल्या ३८ जणांचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातले १४ जण पूर्व भूमध्य प्रदेशातले निघाले आणि ते बाकीच्या बहुतेकांच्या सुमारे हजार वर्षांनंतर मेलेले. हा शोध हाडे मोजून लागला नसता, हे मान्य केलेच पाहिजे. पण काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोलसर आघातांच्या खुणा आहेत आणि त्या गारांच्या असू शकतात, हे डीएनएने सांगितले नाही. तिसरे उदाहरण गोव्यातले. १६२४ मध्ये शिराझला मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी जुन्या गोव्यात आणले होते. सेंट ऑगस्टिनच्या भग्न चर्चमध्ये २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला हाताचे हाड मिळाले, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यात जो मातृवंशाचा गट ओळखला, तो भारतीयांच्या हजारो नमुन्यांत नव्हता, पण जॉर्जियात होता. २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाकडे सुपूर्द झाले. नीट पाहिले तर डीएनएने ‘ही केतेवान’ असे म्हटले नाही; ‘हे हाड जॉर्जियाच्या बाजूच्या माणसाचे असणे शक्य आहे’ इतकेच म्हटले. नाव दिले ते पोर्तुगीज कागदांनी आणि त्या कागदांनुसार खणणाऱ्यांनी. पंजाबातल्या अजनाल्याच्या विहिरीचेही तसेच. १८५७ च्या शिपायांचे ते अवशेष २०१४ मध्ये हौशी हातांनी उकरले गेले. दातांतला डीएनए आणि समस्थानिके यांनी २०२२ मध्ये ते गंगेच्या खोऱ्यातले असल्याचे सांगितले. पण कोणता हात कोणत्या धडाचा होता, हे विहिरीत थरानुसार वाचले असते तर कळले असते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. नोंदींसह सांगाड्यांचे संग्रह जगात उभे राहिले ते बहुतेक गरिबांच्या असहायतेवर. टेरी संग्रहाची गोष्ट आलीच. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली आहे. तोच रस्ता धरून संग्रह केला, तर जिवंतपणी ज्याला ओळखपत्र नव्हते त्याच्या हाडांवर आपण देशाची मोजपट्टी कोरू. शिवाय बेवारस देहाची नोंदच नसते, म्हणजे तो रस्ता नैतिकदृष्ट्या चूक आणि शास्त्रीयदृष्ट्या कुचकामी. नागा पूर्वजांचे अवशेष ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातून परत आणण्यासाठी नागा समाज आज बोलतो आहे, आणि १८५७ च्या आलम बेग या शिपायाची कवटी इंग्लंडमधल्या एका पबमध्ये सापडली होती. हे विसरून कोणी संग्रहाचा आग्रह धरू नये. म्हणून माझा आग्रह संमतीचा आहे. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात विल्यम बास यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या न्यायवैद्यक मानवशास्त्राच्या केंद्राला आज माणसे आपणहून देह देतात आणि जिवंतपणीच स्वतःची माहिती भरून ठेवतात.

पण आपली माणसे असे करतील का? अग्नी दिल्याशिवाय गती नाही, अस्थी सावडून गोदावरीत सोडल्याशिवाय मन शांत होत नाही, अशा समाजात? हा आक्षेप मी अर्धाच मान्य करतो. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ मुळे धरून आहे आणि तिच्या सभांत दधीचीचे नाव हमखास निघते. दधीचीने देह दिला असे आपण म्हणतो, पण देवांना हवी होती ती हाडे. वज्र त्यांचेच झाले. शिवाय लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती, गोसावी अशा कितीतरी समाजांत दफनाची रीत आहे. गोव्यात चर्चच्या स्मशानभूमीत तात्पुरती कबर काही वर्षांनी उघडून हाडे एकत्रित जागी हलवण्याचा प्रघात आहे. पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रा विद्यापीठाचा ५०५ व्यक्तींचा संग्रह विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशाच, मुदत संपलेल्या कबरींमधून आणि दप्तरातल्या नाव-वयाच्या नोंदींतून जमला होता. त्यात नव्हती ती संमती. कोणत्याही समाजाला न विचारता हे होऊ नये. पण न विचारताच ‘ते देणार नाहीत’ असे ठरवणे हाही एक अनादरच.

उरतो नोकऱ्यांचा आक्षेप: मूठभर विद्यार्थ्यांना हे शिकवून करायचे काय? कायद्याने तज्ज्ञांची जी मागणी निर्माण केली आहे, तीच याला पुरेसे उत्तर आहे, त्यामुळे त्यावर रेंगाळत नाही.

आज देहदानाच्या अर्जावर नाव, पत्ता, वय, दोन नातेवाइकांच्या सह्या असतात. विच्छेदन संपले की उरलेल्या अवशेषांवर अंत्यसंस्कार होतात आणि अर्ज फाइलीत जातो. त्याच अर्जावर एक प्रश्न वाढवता येईल: विच्छेदनानंतर सांगाडा अभ्यासासाठी राखण्यास तुमची संमती आहे का, आणि किती वर्षांसाठी? ज्यांचे उत्तर ‘आहे’, त्यांच्यासाठी मागच्या बाजूला काही रकाने. तारुण्यातली उंची. जन्मगाव, आणि लहानपणी कुठले पाणी प्यायलात. दुष्काळाची कोणती वर्षे घरात जाणवली. किती बाळंतपणे. कोणते हाड केव्हा मोडले आणि ते कोणी बसवले, डॉक्टरने की गावातल्या हाडवैद्याने. उजवे की डावखुरे. डोक्यावर हंडे वाहिलेत, खुरपणी केलीत, शिवणयंत्र चालवलेत की भाकऱ्या थापल्यात, आणि अंदाजे किती वर्षे.